सिग्नस एक्स-१ चं वजन १५ की २१? जोडतारे तोलायचे तरी कसे?

झुआरीपलीकडचा (धागाकर्ता)

मंडळी, एक शंका आहे. माझी नाही, विद्यार्थिनीची आहे, त्यामुळे थातूरमातूर उत्तर देऊन सुटका नाही. फोंड्याजवळच्या एका हायर सेकंडरीत मी फिजिक्स शिकवतो. परवा अकरावीतल्या एकीने लायब्ररीतली दोन पुस्तकं टेबलावर उघडून ठेवली. एकात लिहिलंय की हंस तारकासमूहातल्या सिग्नस एक्स-१ या कृष्णविवराचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे १५ पट. दुसऱ्यात २१ पट. वर मलाच विचारते, "सर, मधल्या काळात सहा सूर्य जेवलं काय ते?"

जेवलं नाही हे उघड आहे. १५ हा २०११ सालचा आकडा, २१ हा २०२१ सालचा. पण तिचा पुढचा प्रश्न बोचरा होता. २०२४ च्या एप्रिलमध्ये गाया या अवकाश दुर्बिणीच्या लोकांनी गरुड तारकासमूहातलं गाया बीएच-३ हे कृष्णविवर जाहीर केलं. वस्तुमान ३३ सूर्य, कमीजास्त एक सूर्यसुद्धा नाही. ते तिथे आहे हेच आधी कुणाला ठाऊक नव्हतं. आणि सिग्नस एक्स-१ म्हणजे १९६४ मध्ये रॉकेटवरच्या उपकरणाला सापडलेलं, ज्याच्यावर हॉकिंग आणि किप थॉर्न यांनी १९७४ मध्ये पैज लावली आणि १९९० मध्ये हॉकिंगनी ती हरल्याचं मान्य केलं, इतकं जुनं गिऱ्हाईक. नव्याचं वजन चटकन पक्कं आणि जुन्याचं डळमळीत, असं का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. गणित असलं तरी चालेल, मुलीला झेपतं.

वाळपईची_सुलू

वाचतेय. पण माझा प्रश्न एक पायरी खालचा आहे. जी वस्तू दिसतच नाही तिचं वजन करतात कसं?

तर्कटराव

अंदाजपंचे दाहोदर्से, दुसरं काय. १५ चे २१ म्हणजे चाळीस टक्के. माझी सगळी नोकरी हिशोब तपासण्यात गेली. एवढ्या फरकाला आम्ही फरक म्हणत नव्हतो, घोटाळा म्हणायचो.

गच्चीवरचा_तारेवाला

तर्कटराव आले म्हणजे धागा शंभरी गाठणार. :)

सुलूताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर व्याधात आहे. बेसेल नावाच्या जर्मन खगोलविदाने वर्षानुवर्षं व्याधाच्या जागा मोजल्या. तारा सरळ रेषेत सरकायला हवा होता, तो नागमोडी चालला होता. १८४४ मध्ये त्याने सांगून टाकलं की याच्याभोवती न दिसणारा जोडीदार आहे आणि दोघं साधारण पन्नास वर्षांत एक फेरा घेतात. जोडीदार प्रत्यक्ष दिसला १८६२ मध्ये, अमेरिकेत अल्वन ग्रॅहॅम क्लार्कला, नव्या दुर्बिणीचं भिंग तपासताना. आता आपल्याला ठाऊक आहे की तो श्वेत बटू आहे, वस्तुमान जवळपास सूर्याइतकं, आकार पृथ्वीएवढा.

म्हणजे न दिसणाऱ्याचं वजन दिसणाऱ्याच्या डुलण्यावरून. तारा किती डुलतो, किती दिवसांत डुलतो आणि किती लांब आहे, एवढं कळलं की केपलरचा तिसरा नियम पुढचं सांगतो. अंतर सूर्य-पृथ्वी अंतराच्या पटीत आणि काळ वर्षांत घेतला तर दोघांच्या वस्तुमानांची बेरीज = अंतराचा घन भागिले काळाचा वर्ग. उत्तर थेट सूर्याच्या पटीत येतं.

वाळपईची_सुलू

म्हणजे चवथीला आमच्या अंगणात फुगडी घालतात तसं? जाडी बाई कमी सरकते, बारकी गरागरा फिरते. अंधारात फक्त बारकीच्या साडीची जर चमकली तरी समोरची केवढी आहे ते कळणार.

कृत्तिका_म्हापसा

सुलू, अगदी तसंच. पण तू अंगणात उभी राहून बघतेस की माडीवरून, यावर बरंच अवलंबून आहे आणि सरांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. जरा लांबण लावते.

व्याधाची जोडी ऐसपैस आहे, म्हणून तिचं डुलणं आकाशात थेट मोजता आलं. ज्या जोड्यांमध्ये एक तारा दुसऱ्याचा वायू ओढून घेतो त्या अगदी चिकटून असतात. सिग्नस एक्स-१ चा फेरा फक्त ५.६ दिवसांचा. तिथे एका राक्षसी निळ्या ताऱ्याचा वारा कृष्णविवराकडे ओढला जातो, त्याची तबकडी बनते, ती तापते आणि क्ष-किरण सोडते. दुर्बिणीत मात्र नवव्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाची पायरी, आकडा मोठा तितका तारा मंद) एकच ठिपका. जागा बदललेली दिसत नाही, मग मोजायचं काय? वर्णपटातल्या रेषा. तारा आपल्याकडे येताना त्या निळ्याकडे सरकतात, लांब जाताना तांबड्याकडे. इथे वेग निघतो सेकंदाला सुमारे ७५ किलोमीटर.

आता गोम अशी की वर्णपटाला फक्त आपल्या दिशेने येणारा-जाणारा वेग दिसतो. कक्षा आपल्याला कडेवरून दिसत असेल तर पूर्ण वेग कळतो. वरून दिसत असेल तर तारा कितीही पळू दे, रेषा ढिम्म हलत नाहीत. म्हणून वर्णपटातून वस्तुमान सुटं निघतच नाही. निघतो तो वस्तुमान गुणिले कक्षेच्या कलाच्या साइनचा घन, असा गुंता. घन आहे हे लक्षात घ्या. सिग्नस एक्स-१ चा कल सुमारे २७ अंश, म्हणजे आपण ती जोडी बरीचशी वरूनच बघतो. साइन २७ चा घन ०.०९४, साइन ३० चा घन ०.१२५. कलात तीन अंशांचा फरक आणि उत्तरात एक तृतीयांश फरक. तर्कटराव, घोटाळा असेल तर तो इथे आहे आणि तो माणसांनी केलेला नाही.

काही जोड्या दयाळू असतात. ययाती समूहातला अल्गोल घ्या. दर २ दिवस २१ तासांनी (थोडी मिनिटं कमी) मंद होतो, कारण एक तारा दुसऱ्याच्या आड येतो. इंग्लंडच्या जॉन गुडरिकने १७८३ मध्ये हे नेमाने बघून लिहून ठेवलं. ग्रहण होतं म्हणजे कक्षा कडेवरून दिसते, कल फुकटात मिळाला. म्हणून अल्गोलची वस्तुमानं बिनघोर सांगता येतात, ३.२ आणि ०.७ सूर्य. आणि त्यातून एक कोडं निघालं. हलका तारा म्हातारा, फुगलेला, आणि जड तारा अजून तरणा. ताऱ्यांचा नियम उलटा आहे, जड तो आधी म्हातारा व्हायला हवा. उत्तर असं की आजचा हलका तारा पूर्वी जड होता. फुगला आणि त्याने आपला बाहेरचा पदार्थ शेजाऱ्याला देऊन टाकला. वजन माहीत नसतं तर ही गोष्ट कळलीच नसती.

कृष्णविवरं असलेल्या बहुतेक जोड्यांमध्ये ग्रहण दिसत नाही. मग लोक आडमार्गाने कल काढतात. जोडीदाराच्या ओढीने तारा लांबट होतो, फिरताना कधी रुंद बाजू दिसते कधी अरुंद, त्यामुळे फेऱ्यात दोनदा प्रकाश थोडा वर-खाली होतो. तो चढउतार किती, यावरून कल. पण त्यात तबकडीचाही प्रकाश मिसळलेला असतो आणि ती स्वतः लहरी.

१५ चे २१ कसे झाले ते पुढच्या प्रतिसादात. आई हाका मारतेय.

झुआरीपलीकडचा

ताई, हेच हवं होतं. साइनच्या घनाचं उदाहरण उद्याच फळ्यावर जाणार.

पेडण्याचा_पांडू

+१. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

कृत्तिका_म्हापसा

आता १५ आणि २१. कल नाही बदलला, अंतर बदललं.

२०११ मध्ये रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याने सिग्नस एक्स-१ चं अंतर १.८६ किलोपार्सेक काढलं होतं, सहा हजार प्रकाशवर्षांच्या आसपास. २०२१ मध्ये जास्त मोजण्या करून आणि जोडीच्या फेऱ्याचाही हिशोब धरून ते २.२ किलोपार्सेक ठरलं, सात हजार प्रकाशवर्षांहून थोडं जास्त. गायाने अवकाशातून मोजलेलं अंतरही त्याच बाजूला होतं.

अंतर वाढलं साधारण १.२ पट. ताऱ्याची दिसणारी चमक आणि तापमान तेच, म्हणजे त्याची त्रिज्या १.२ पट मोठी धरावी लागते. तारा आणि कृष्णविवर यांच्यातलं अंतर त्रिज्येच्या किती पट आहे हे त्या चढउतारावरून बांधलेलं असतं, म्हणजे तेही १.२ पट. केपलरच्या नियमात अंतराचा घन आहे आणि काळ तर बदललेला नाही. १.२ चा घन १.७. दोघांची बेरीज आधी ३४ सूर्य होती (१९ चा तारा आणि १५ चं विवर), ती आता ६२ झाली (४१ आणि २१). तंतोतंत १.७ पट नाही, कारण इतर आकडेही थोडे हलले, पण मुख्य धक्का अंतराचाच.

आजचा आकडा सांगायचा तर २१, कमीजास्त दोन.

तर्कटराव

बरं, मान्य. घोटाळा मागे घेतो, "हिशोबातली तफावत" म्हणतो. पण मग माझा साधा सवाल. अवकाशात एवढी भारी दुर्बीण सोडली, ती ताऱ्यांच्या जागा मोजते, तर तिनेच बेसेलसारखं सिग्नस एक्स-१ चं डुलणं का नाही मोजलं? डुलणं आकाशात दिसलं तर कलही कळेल आणि अंतरही. आडमार्गाची गरजच नाही.

गच्चीवरचा_तारेवाला

तर्कटराव, आज फॉर्मात आहात. हा खरा प्रश्न आहे.

कृत्तिका_म्हापसा

खराच आहे. उत्तर कागदावर काढू, सरांच्या मुलीला करता येईल असं.

५.६ दिवस म्हणजे ०.०१५३ वर्ष. वर्ग केला, ६२ ने गुणलं, घनमूळ काढलं: दोघांमधलं अंतर ०.२४ खगोलीय एकक (सूर्य-पृथ्वी अंतर म्हणजे एक एकक). बुधाची कक्षा ०.३९ ची आहे, तिच्या आत हे सगळं बसतं. त्यात ताऱ्याचा वाटा २१/६२, म्हणजे तारा मध्याभोवती ०.०८३ एककाचं वर्तुळ घेतो. पार्सेकची व्याख्याच अशी आहे की एककाला पार्सेकने भागलं की कोन थेट आर्कसेकंदात मिळतो. ०.०८३ भागिले २२०० = ०.००००३८. म्हणजे ३८ मायक्रोआर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे आर्कसेकंद, त्याचा दहा लाखावा भाग म्हणजे मायक्रोआर्कसेकंद).

हे किती? चंद्रावर सात सेंटिमीटर लांबीची वस्तू पृथ्वीवरून जेवढी दिसेल तेवढं.

गायाच्या २०२२ च्या यादीत अनेक फेऱ्यांची सरासरी काढून उजळ ताऱ्याच्या पॅरलॅक्समधली (पृथ्वी फिरते म्हणून ताऱ्याची जागा हललेली दिसते, त्या कोनातली) अनिश्चितता वीस-तीस मायक्रोआर्कसेकंदांवर येते. ३८ च्या डुलण्यासमोर २० ची अनिश्चितता. कक्षा काढायला हे पुरत नाही.

आता तोच हिशोब गाया बीएच-१ चा करा. भुजंगधारीत आहे, २०२२ ला जाहीर झालं. सूर्यासारखा तारा, ९.६ सूर्यांचं विवर, १८६ दिवसांचा फेरा, अंतर ४८० पार्सेक. डुलणं येतं २६०० मायक्रोआर्कसेकंदांच्या वर. सिग्नस एक्स-१ च्या सत्तर पट. बीएच-३ चा फेरा ११.६ वर्षांचा, अंतर ५९० पार्सेक, तिथे २७,००० निघेल. डोळे झाकून दिसावं असं.

म्हणून सरांच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर हे: गायाने ज्यांचं पक्कं वजन केलं ती उपाशी विवरं आहेत. जोडीदार इतका लांब की त्यांच्या तोंडी काही पडत नाही, म्हणून क्ष-किरण नाहीत, म्हणून इतकी वर्षं कुणाला पत्ता नव्हता. जी खातात ती जवळ असतात, जवळ म्हणून डुलणं बारीक. खाणारं विवर शोधायला सोपं आणि तोलायला कठीण. उपाशी विवराचं बरोबर उलटं.

खांडेपारचा_काका

मी निवृत्त सर्व्हेअर. तारे वगैरे फार कळत नाहीत, पण कोन मोजण्यात हयात गेली. थिओडोलाइट गळ्यात घेऊन सत्तरी तालुक्यातले डोंगर चढलोय, नंतर टोटल स्टेशन आलं. माझा प्रश्न धंद्यातला आहे. कोन कशापासून मोजता? आमच्याकडे हद्दीचा दगड असतो, बेंचमार्क असतो. तुमच्या आकाशात सगळेच तारे हलतात म्हणता. दगडच हलत असेल तर प्लॉट मोजून काय उपयोग? शिवाय तुमच्या यंत्राचा स्वतःचा दोष किती?

गच्चीवरचा_तारेवाला

काका, दंडवत. यावर मी लिहितो, कृत्तिकाताईंना जेवू द्या.

गायात एक नाही, दोन दुर्बिणी आहेत, एकमेकींशी १०६.५ अंशांचा पक्का कोन करून बसवलेल्या. सगळं यान सहा तासांत एक गिरकी घेतं आणि दोन्हींचं आकाश एकाच कॅमेऱ्यावर पडतं. त्यामुळे जवळच्या दगडापासून नाही, तर आकाशाच्या पार दुसऱ्या भागातल्या ताऱ्यांपासून कोन मोजला जातो. हे पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षं, सगळ्या दिशांनी. शेवटी कोट्यवधी ताऱ्यांची एकच प्रचंड जुळणी करतात, त्यात ताऱ्यांच्या जागा आणि यानाची दिशा दोन्ही एकदम सुटतात. तुम्ही त्रिकोणांची साखळी बंद करून चूक वाटून टाकत होता ना, तेच, फक्त आकाशभर.

न हलणारे दगड म्हणून क्वेसार. अब्जावधी प्रकाशवर्षं लांब असलेली आकाशगंगांची केंद्रं. गायाच्या चौकटीत असे सोळा लाखांच्या आसपास आहेत.

यंत्राचा दोषही त्यांनीच सापडवला. क्वेसारचा पॅरलॅक्स शून्य यायला हवा. आला उणे १७ मायक्रोआर्कसेकंद. एवढा सरकलेला शून्य धरून मग सगळे आकडे दुरुस्त करतात, आणि ही दुरुस्तीही ताऱ्याच्या रंगावर, प्रतीवर अवलंबून. ३८ मोजायला निघालो आणि शून्यच १७ ने सरकलेला, यावरून अडचण ध्यानात येईल.

जमिनीवरून हे का नाही करत, असं कुणी विचारायच्या आत: आपल्या डोक्यावरची हवा ताऱ्याचा ठिपका एखाद-दुसऱ्या आर्कसेकंदाएवढा पसरवते. पणजीत मांडवीवरून दमट वारा सुटला की तर बघायलाच नको. हिप्पार्कस हा पहिला उपग्रह १९८९ ला हवेच्या वर गेला आणि १९९३ पर्यंत १,१८,००० ताऱ्यांच्या जागा मिलीआर्कसेकंदाच्या घरात मोजून गेला. सिग्नस एक्स-१ चा पॅरलॅक्सच ०.४५ मिलीआर्कसेकंद, त्यामुळे तो तिथे निरुपयोगी होता.

खांडेपारचा_काका

साखळी बंद करून चूक वाटणं. हे समजलं. शून्यदोष जाहीर करतात हे आवडलं, आमच्यात लपवायचे.

तर्कटराव

पण तुम्हीच म्हणालात की रेडिओ दुर्बिणींनी जमिनीवरून अंतर काढलं. मग अवकाशात कशाला जायचं?

कृत्तिका_म्हापसा

जेवून आले. :)

रेडिओचं जाळं जबरदस्त आहे, हवाईपासून व्हर्जिन बेटांपर्यंत दहा अँटेना. सिग्नस एक्स-१ मधून निघणारा रेडिओ झोत त्याला दिसतो, म्हणून त्याचं डुलणंसुद्धा हिशोबात धरता आलं. पण रेडिओवर गप्प असलेल्या जोड्या हजारो आहेत. त्यांच्यासाठी दृश्य प्रकाशच.

आणि इथे आणखी एक गुंता आहे जो बीएच-१ सारख्यांत नाही. गाया तारा मोजत नाही, प्रकाशाचा मध्य मोजते. विवर काळं असेल तर प्रकाशाचा मध्य म्हणजेच तारा, प्रश्न मिटला. पण खाणाऱ्या जोडीत तबकडीही चमकते. ती ताऱ्याच्या विरुद्ध बाजूला आहे. तबकडी भडकली की प्रकाशाचा मध्य तारा सोडून तिकडे सरकतो, शांत झाली की परत इकडे. कुणीही न हलता ठिपका हललेला दिसतो. हिप्पार्कसच्या यादीत अशा ताऱ्यांचा वेगळा वर्गच होता, चमक बदलते म्हणून जागा बदलणारे. त्यातून वस्तुमान काढायचं तर जागेबरोबर त्या क्षणाची चमक आणि रंगही हवा.

नासाची एक मोहीम याच कामाची होती. सिम नावाचा अवकाशातला इंटरफेरोमीटर (वेगवेगळ्या आरशांवरचा प्रकाश जुळवून बारीक कोन मोजणारं यंत्र), लक्ष्य एक ते चार मायक्रोआर्कसेकंद. ३८ चं डुलणं त्याने आरामात पकडलं असतं. क्ष-किरण जोड्यांची वस्तुमानं त्याच्या कामांच्या यादीत होती. तंत्रज्ञान तयार झालं होतं, पण २०१० मध्ये मोहीम रद्द झाली. माझ्या मते ही त्या दशकातली सर्वांत वाईट काटकसर.

गच्चीवरचा_तारेवाला

यावर एसएस सिग्नीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हौशी लोकांची लाडकी जोडी. श्वेत बटू आणि एक लहान तारा, साडेसहा तासांत फेरा. एरवी बाराव्या प्रतीची, दीड-दोन महिन्यांनी भडकते आणि आठव्यावर येते. १८९६ मध्ये हार्वर्डच्या लुइझा वेल्स यांना सापडली, तेव्हापासून लोक तिच्यावर नजर ठेवून आहेत.

१९९९ मध्ये हबल दुर्बिणीच्या दिशादर्शक यंत्राने तिचं अंतर १६० पार्सेकच्या पुढे काढलं. झाली पंचाईत. इतकी लांब असेल तर ती मुळात इतकी तेजस्वी ठरते की तबकडी अधूनमधून भडकायलाच नको, कायम पेटलेली हवी. तबकड्या भरतात, अस्थिर होतात, रिकाम्या होतात, हा सगळा सिद्धांतच धोक्यात. २०१३ मध्ये रेडिओने मोजलं, ११४ पार्सेक. सिद्धांत वाचला. नंतर गायानेही तेवढंच सांगितलं. म्हणजे अवकाशातून मोजलं म्हणून बरोबर असं नाही.

यातली आपल्या कामाची गोष्ट: ती जोडी रेडिओवर फक्त भडकल्यावर दिसते. भडकली हे कळवलं कुणी? हौशी निरीक्षकांनी. त्यांच्या निरोपावर अँटेना वळवल्या.

माझ्या साखळी गावातल्या गच्चीवरून आठ इंची डॉब्सनियन दुर्बिणीने ती बाराव्या प्रतीलाही दिसते, चंद्र नसेल आणि शेजाऱ्यांचा हॅलोजन बंद असेल तर. वैताग एवढाच की हंस डोक्यावर येतो ऐन जुलै-ऑगस्टमध्ये आणि तेव्हा गोव्यात आकाश नावाची गोष्ट नसते. चवथ होऊन पाऊस ओसरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळी पश्चिमेकडे जेवढा वेळ मिळेल तेवढा.

पेडण्याचा_पांडू

अवांतर: हॅलोजनवाला शेजारी ही राष्ट्रीय समस्या आहे.

वाळपईची_सुलू

मग खाणाऱ्या जोड्यांपैकी एकीचंही वजन गायाला डुलण्यावरून करता येणार नाही? आणि तो उत्तर मुकुटातला नोव्हा, फुटणार फुटणार म्हणून गाजला होता, तो कुठल्या जातीचा?

कृत्तिका_म्हापसा

सुलू, दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, कमाल केलीस.

टी कोरोनी बोरिआलिस. १८६६ आणि १९४६ मध्ये नुसत्या डोळ्यांनी दिसेल इतका भडकला होता. श्वेत बटू आणि तांबडा राक्षसी तारा, राक्षस आपला वायू बटूवर ओततो. बटूचं वस्तुमान चंद्रशेखर मर्यादेच्या, म्हणजे १.४ सूर्यांच्या, अगदी जवळ मानतात, म्हणून त्याच्या वजनात सगळ्यांना रस. पण राक्षस एवढा फुगलेला की लांब राहूनही वायू सांडतो. फेरा २२७ दिवसांचा.

हिशोब कर. दोघांची बेरीज दोन सूर्यांच्या आसपास धरली तर अंतर ०.९ एककाच्या वर जातं. राक्षसाचा वाटा ०.६. जोडी सुमारे ९०० पार्सेकवर. डुलणं सहाशे-सातशे मायक्रोआर्कसेकंद. तारा दहाव्या प्रतीचा आणि प्रकाश जवळपास सगळा राक्षसाचा, म्हणजे तबकडीचा घोळही कमी. देवाणघेवाण करणाऱ्या जोड्यांत गायाच्या आवाक्यातल्या या. लांब मुदतीच्या फेऱ्याच्या, राक्षसवाल्या. मला विचाराल तर पुढची चांगली वजनं इथून येतील, क्ष-किरणांच्या नामांकित जोड्यांतून नाही.

आणि चिकटलेल्या जोड्यांतही गाया वेगळ्या वाटेने कामाला येते. व्ही-४०४ सिग्नी घ्या. नऊ सूर्यांचं विवर, साडेसहा दिवसांचा फेरा, २०१५ मध्ये जोरात भडकलं. डुलणं पन्नासेक मायक्रोआर्कसेकंद, शिवाय तारा मंद, कक्षा मिळणं अशक्य. पण २०२४ मध्ये गायाच्या नोंदींत दिसलं की शेजारचा एक तारा आकाशात त्याच्याच वेगाने, त्याच दिशेने सरकतोय. दोघांमध्ये सुमारे साडेतीन हजार एकक. म्हणजे जोडी नव्हे, तिकडी. इतका सैल बांधलेला तारा अजून सोबत आहे, याचा अर्थ विवर बनताना मोठा धक्का बसलाच नसावा. तसा बसला असता तर तो केव्हाच सुटला असता.

झुआरीपलीकडचा

या नोंदी आम्हाला बघता येतात का? म्हणजे शाळेतून?

गच्चीवरचा_तारेवाला

येतात, सगळं खुलं आणि फुकट. युरोपीय अवकाश संस्थेच्या गाया संग्रहात ताऱ्याचं नाव टाकायचं. पॅरलॅक्सच्या रकान्यातला आकडा मिलीआर्कसेकंदात असतो. एकाला त्याने भागलं की अंतर किलोपार्सेकमध्ये (जवळच्या ताऱ्यांना हे चालतं, लांबच्यांना अनिश्चितता मोठी म्हणून जपून). 'रूवे' नावाचा रकानाही बघायला लावा. एकटा, शहाणा तारा असेल तर तो एकाच्या आसपास असतो. १.४ च्या वर गेला की समजायचं, एकट्या ताऱ्याचं गणित इथे बसत नाही, बहुधा जोडीदार आहे. मुलांना हा खेळ आवडेल.

यान स्वतः आता बंद आहे. जानेवारी २०२५ मध्ये इंधन-वायू संपत आल्यावर मोजणी थांबली, मार्चमध्ये कायमचं निजवलं. पण साडेपाच वर्षांच्या मोजण्यांवरची चौथी यादी डिसेंबर २०२६ साठी ठरलेली आहे, आणि तीत प्रत्येक ताऱ्याची प्रत्येक वेळची जागा सुटी मिळणार आहे. आतापर्यंत तयार उत्तर मिळायचं, आता कच्ची वही मिळणार.

तर्कटराव

कच्ची वही मिळणार असेल तर मीही बसतो. तयार ताळेबंदावर माझा कधीच विश्वास नव्हता.

खांडेपारचा_काका

शेवटची शंका. पृथ्वी वर्षभरात सूर्याभोवती फिरते म्हणून प्रत्येक तारा वर्षाला एक छोटा फेरा घेतल्यासारखा दिसतो, त्यालाच तुम्ही पॅरलॅक्स म्हणता. मग एखाद्या जोडीचा फेरा नेमका एक वर्षाचा असेल तर? कुठलं हलणं कुणाचं, वेगळं कसं करणार?

कृत्तिका_म्हापसा

काका, बरोबर जागी बोट ठेवलंत. तिथे खरोखरच अडचण होते. एक वर्षाच्या आसपासचे फेरे पॅरलॅक्समध्ये मिसळतात आणि अंतर व कक्षा दोन्ही चुकू शकतात, म्हणून अशा उत्तरांकडे सगळे संशयाने बघतात. सुटका अशी की पॅरलॅक्सच्या फेऱ्याचा आकार आणि वेळ आधीच ठरलेली असते. तारा आकाशात कुठे आहे यावरून त्याच्या लंबवर्तुळाचा चपटेपणा किती ते कळतं आणि सूर्य कुठे आहे यावरून तारा त्या दिवशी फेऱ्यात कुठे असायला हवा ते. जोडीचा फेरा त्या साच्यात तंतोतंत बसण्याची शक्यता कमी, आणि जेवढा बसत नाही तेवढा उरतो. तरीही खात्री नसेल तर जमिनीवरून वर्णपट घ्यायचा. पॅरलॅक्सने ताऱ्याच्या रेषा तशा सरकत नाहीत, जोडीदाराच्या ओढीने सरकतात.